फळ्याशेजारचं बटण

गेल्या वर्षीच्या जुलैत एका संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावून मी पायऱ्या उतरत होते. पाऊस लागून राहिला होता. मागच्या खिडकीखाली बीएच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी उभी होती. छत्री तिने मोबाइलवर धरली होती आणि पाठ पूर्ण भिजली होती.

"अगं, गाडी चुकेल की तुझी," मी म्हटलं.

"दोनच मिनिटं मॅडम, पीडीएफ उतरायलीय. घरी गेलं की रेंजच नाही ओ."

ती कणकुंबीच्या बाजूची. मलप्रभेचा उगम आहे तो भाग. जून ते सप्टेंबर तिथल्या पावसाला खळ नसतो, आणि लाइट गेली की मागोमाग टॉवरही बंद पडतो. कुलूप लागलं तरी आतलं वायफाय चालू राहतं आणि त्या एका खिडकीतून बाहेर मिळतं, हे मुलांना माझ्याआधी कळलं होतं.

कर्नाटकातल्या खानापूरच्या बाजूच्या एका पदवी कॉलेजात मी सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. त्यामुळे पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी 'वर्गांमध्ये वायफाय द्यायचं का' हे ठरवायला चौघांची समिती नेमली आणि त्यात माझं नाव घातलं, तेव्हा माझं मत आधीच ठरलेलं होतं. द्यायचं. सगळ्या वर्गांत द्यायचं. यात ठरवण्यासारखं काय आहे, असंच मला वाटत होतं.

निमित्त नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं होतं. नॅकच्या निकषांत पायाभूत सुविधा येतात, वाचनालयही तिथेच येतं, आणि इंटरनेटची सोय किती, किती वेगाची, हे लिहून द्यावं लागतं. पण प्राचार्य सर पहिल्याच बैठकीत म्हणाले, "फॉर्मात भरायला म्हणून बसवायचं नाही. वर्गात त्यानं काय होतंय ते बघून मला सांगा." या एका वाक्यामुळे पुढचे सहा महिने आम्ही खरं काम केलं. समितीत मी, भौतिकशास्त्राचे सर, अर्थशास्त्राचे सर आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट. अर्थशास्त्राच्या सरांचं मतही माझ्यासारखंच आधी ठरलेलं होतं, फक्त उलट बाजूनं. "माझ्या वर्गात नको," एवढंच ते म्हणाले आणि चहा संपेपर्यंत पुढे बोलले नाहीत.

आधी इमारत तपासली. आमची जुनी इमारत जांभ्या चिऱ्यांची, भिंती दीड-दीड फुटांच्या. भौतिकशास्त्राच्या सरांनी मोबाइलवर सिग्नल मोजायचं ॲप घेतलं आणि आम्ही वर्गावर्गांतून फिरलो. वाचनालयाच्या दारात आकडा उणे ४५ होता (शून्यापासून जितका खाली, तितका सिग्नल कमजोर), शेजारच्या वर्गात उणे ७० च्या पुढे गेला, आणि त्यापलीकडच्या वर्गात मोबाइलनं नेटवर्कच सोडून दिलं. सरांनी तिथेच मला समजावलं: वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतं. ५ चा वेग जास्त, पण ती भिंतीला अडते. २.४ ची भिंतीतून थोडी पार जाते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या बऱ्याच मुलांचे मोबाइल स्वस्तातले, त्यांना २.४ च मिळते. म्हणजे अशा इमारतीत वायफाय देणारा एक डबा मधोमध टांगून भागणार नाही. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र डबा आणि त्याच्यापर्यंत केबल न्यावी लागणार. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही, आणि आमचा शेवटचा वर्ग त्याहून लांब. मध्ये नेट पुढे पोचवणारा एक स्विच बसवावा लागला.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली ती मला पक्की लक्षात राहिली. एका वर्गात साठ मुलं एका डब्याला जोडली, तरी एका वेळी त्या चॅनेलवर एकच जण बोलू शकतो. "विहीर मोठी असेल हो, पण पोहरा एकच आहे. साठ जण रांगेत." कॉलेजची लाइन १०० एमबीपीएसची. साधा व्हिडिओ एक-दोन एमबीपीएस खातो. दोन वर्गांनी एकदम व्हिडिओ लावले की ऑफिसातली परीक्षेची कामं अडणार, हे सुपरिंटेंडेंटना तिथेच कळलं.

दोन वर्गांत प्रयोग करायचं ठरलं: बीए दुसरं वर्ष आणि बीकॉम पहिलं वर्ष.

त्याआधी मी त्या वर्गांत कोरे कागद वाटले. नाव लिहायचं नाही, फक्त नेट कसं मिळतं ते लिहायचं. हे माझ्या डोक्यात पावसातल्या त्या मुलीमुळे आलं होतं. चिठ्ठ्या मी रात्री घरी बसून वाचल्या. 'पॅक आहे पण तो बाबांच्या मोबाइलवर, ते शेतातून आले की मिळतो.' 'भावाचा आणि माझा मिळून एक.' 'महिन्याचे शेवटचे आठ दिवस पॅक नसतो.' 'मैत्रीण हॉटस्पॉट देते, पण रोज मागायला कसं तरी वाटतं.' ही शेवटची चिठ्ठी मी दोनदा वाचली. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं, सगळ्यांच्या हातात आलं, असं आपण बोलून जातो. पण २०२४ च्या जुलैत खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले तेव्हा कोणाच्या घरचा पॅक बंद झाला, हे वर्गात कोणी हात वर करून सांगत नाही. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तो किती उपयोगी पडतो हे मी रोज बघते. आमच्या भागातल्या कितीतरी मुली त्या एका योजनेमुळे कॉलेजात टिकल्या आहेत. कॉलेजात पोचल्यावर नेटसाठी मात्र मैत्रिणीपुढे हात पसरायचा, हे मला पटत नव्हतं.

पहिला आठवडा वाया गेला. बसवणाऱ्यांनी सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता. तो चौथ्या दिवशी समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला आणि बाहेरचे मोबाइल जोडले जाऊ लागले. मग प्रत्येक मुलाच्या मोबाइलचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे त्या मोबाइलचा ओळख क्रमांक, नोंदवून त्यालाच प्रवेश द्यायचा असं केलं. दोन दिवस मी आणि शिपाई मामा वाचनालयात बसून ते पत्ते उतरवून घेत होतो. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं परत आली: "मॅडम, जोडलंच जाईना झालंय." कारण शोधायला सरांची एक संध्याकाळ गेली. अँड्रॉइड १० पासूनचे मोबाइल खाजगीपणासाठी नेटवर्कला खरा पत्ता देतच नाहीत, बनवलेला देतात. आम्ही सेटिंगमधला खरा पत्ता उतरवून घेतला होता. शेवटी प्रत्येकाला हजेरी क्रमांकावर वेगळं लॉगिन दिलं, तेव्हा कुठे ते सुरळीत झालं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी पहिल्याच दिवशी वेगळी लॉगिन द्यावीत.

मग मी वर्गात जाऊन बसायला लागले. वाचनालय अर्धा तास सहायकाकडे सोपवायचं आणि शेवटच्या बाकावर बसायचं. पहिले दोन दिवस मुलं सावध होती. तिसऱ्या दिवशी ती मला विसरली.

बीकॉमचा तास. माझ्यापुढे तिसऱ्या बाकावरच्या मुलानं वहीच्या आड मोबाइल उभा केला होता आणि क्रिकेटचे तुकडे बघत होता. आवाज बंद. तो एकटाच बघत असता तर मी ते त्याचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्या मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिचा मोबाइल पिशवीत होता. ती फळ्यावरचं उतरवून घेत होती. तिचं पेन दोन ओळी चालायचं आणि थांबायचं, मान किंचित उजवीकडे कलायची, मग ती पुन्हा फळ्याकडे बघायची, तोवर सर पुढच्या उदाहरणावर गेलेले. पाव तासात तिची वही तीन ठिकाणी मोकळी राहिली. तिनं काहीच चूक केली नव्हती. तिच्या बाकावरून स्क्रीन दिसत होता, एवढंच.

त्या रात्री मी संदर्भ शोधले, ते माझं रोजचंच काम आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर आणि यॉर्क विद्यापीठांतल्या तिघांचा २०१३ चा शोधनिबंध मिळाला. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गातल्यासारखं व्याख्यान ऐकवलं आणि काहींना मधूनमधून लॅपटॉपवर दुसरी कामं करायला सांगितली. नंतरच्या चाचणीत या विद्यार्थ्यांचे गुण ११ टक्क्यांनी कमी आले. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी नुसते वहीत लिहिणारे विद्यार्थी घेतले, पण त्यांना दुसऱ्याचा असा स्क्रीन दिसेल अशा जागी बसवलं. त्यांचे गुण १७ टक्क्यांनी घसरले. वाचता वाचता मला त्या मुलीची अर्धी मोकळी वही दिसत होती.

निबंध मी समितीत ठेवला. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "मग मोबाइल बाकावर उताणा ठेवायला लावू, म्हणजे आम्हाला दिसेल." मला ती सूचना बरी वाटली होती. पण अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्याच वर्गांवर असा प्रयोग झाला होता आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. काही वर्गांत उपकरणांना मोकळीक, काहींत पूर्ण बंदी, आणि काहींत टॅबलेट चालेल पण बाकावर सपाट, शिक्षकाला दिसेल असा. अंतिम परीक्षेत बंदीचे वर्ग पुढे राहिले. सपाट ठेवलेल्यांचे गुण मोकळीक असलेल्यांइतकेच मागे पडले होते. हे प्रयोग लॅपटॉप आणि टॅबलेटवरचे आहेत, आपल्याकडे मोबाइल आहे, आणि तिथली मुलंही वेगळ्या परिस्थितीतली, हे मी समितीला सांगितलं. तरी माझं 'सगळ्या वर्गांत द्यायचं' हे मत तिथे डळमळलं, हे खरं आहे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या सरांच्या वर्गात जे झालं, त्यानं त्यांचं 'माझ्या वर्गात नको' डळमळलं.

इथे आमच्या मुलांबद्दल थोडं सांगायला हवं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूला (म्हणजे अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि पदवीला येईपर्यंत शब्द पाठ झालेला असतो, अर्थ लागलेला नसतो. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांचंही तेच. सर त्या दिवशी 'इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड' शिकवत होते. माझ्या शेजारच्या बाकावर तीच कणकुंबीकडची मुलगी. तिनं मोबाइल मांडीवर घेतला, शब्द टाकला, परिभाषा कोश उघडला. वहीच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मागणीची लवचिकता'. त्याखाली एक रेघ मारली. तेवढ्यात सरांनी मिठाचं उदाहरण दिलं: किंमत वाढली म्हणून कोणी मीठ खायचं कमी करत नाही, कमी झाली म्हणून जास्त खात नाही. तिची मान हलली. समासातल्या शब्दाशेजारी तिनं लिहिलं, 'मीठ – कमी'.

सरांनी मोबाइल बघितला. "काय चाललंय ते?"

ती घाबरून उभी राहिली आणि मोबाइल त्यांच्याकडे वळवला. सर बाकाजवळ आले, वाचलं, वहीही बघितली. मग काही न बोलता फळ्याकडे गेले आणि इंग्रजी शब्दाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: मागणीची लवचिकता. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, कन्नडात?" त्यानंच शोधून सांगितलं: बेडिकेय स्थितिस्थापकत्व. ते ऐकून वर्गातली मराठी मुलं एकदम म्हणाली, "अरे, हे तर विज्ञानातलं!" आठवी-नववीत त्यांनी रबराची स्थितिस्थापकता शिकलेली होती. ताणलं की किती ताणतं आणि सोडल्यावर किती परत येतं. सर म्हणाले, "हेच. किंमत ताणली की मागणी किती ताणते." पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एखादं नवं उदाहरण सापडल्याचा आनंद मी त्या दिवशी जवळून बघितला.

भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांच्या छापील प्रती आमच्या वाचनालयात फार थोड्या आहेत, आणि सीमेच्या या बाजूला त्या मिळवणं सोपं नाही. नेटवर त्या मोकळ्या आहेत. वाईहून निघालेला मराठी विश्वकोशही मोकळा आहे. कॉलेजला एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन योजनेवरून बरंच वाचनसाहित्य मिळतं, पण वर्ग चालू असताना त्यातलं काही लागलं असं मला एकदाही दिसलं नाही. वर्गात लागतो तो एक शब्द, एक नकाशा, एक आकडा. तो मिळाला की काम झालं. उरलेल्या पाऊण तासात नेट चालू असण्याची गरजच नसते, आणि नेमक्या त्याच वेळात तिसऱ्या बाकावर क्रिकेट चालतं.

पॅक असलेला मुलगा आपल्या पैशानं क्रिकेट बघणारच, ते आमच्या हातात नाही, हे अर्थशास्त्राच्या सरांनी बरोबर लक्षात आणून दिलं. कॉलेजनं आपल्या खर्चानं त्यात भर घालायची का, एवढंच आम्ही ठरवू शकत होतो.

मधे एका पालक सभेत वायफायच्या किरणांचा प्रश्न आला. एका मुलाचे वडील काळजीनं विचारत होते, त्यांना उडवून लावणं बरोबर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात ठेवलं आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरं आहे. भौतिकशास्त्राच्या सरांनी ते मान्य करून सांगितलं की वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडणाऱ्या जातीच्या नसतात, छतावरच्या डब्याची शक्ती साधारण वॅटच्या दहाव्या भागाइतकी असते, आणि अंतर वाढलं की ती झपाट्यानं उतरते. कानाला लावलेला मोबाइल त्याहून कितीतरी जवळ असतो. वडिलांचं समाधान झालं की नाही सांगता येणार नाही, पण ते शेवटपर्यंत थांबले.

पीयूच्या वर्गांना आम्ही यातून बाहेर ठेवलं. ती मुलं सोळा-सतरा वर्षांची. लॉगिन दिलं की कोणी काय उघडलं याची नोंद राहते, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. ती व्यवस्था होईपर्यंत नको, यावर चौघांचं लगेच एकमत झालं.

शेवटच्या बैठकीत सुपरिंटेंडेंटनी मार्ग काढला. पुरवठादार म्हणत होता की प्रत्येक शिक्षकाला ॲप देऊ, त्यावरून वर्गाचं वायफाय चालू-बंद करता येईल. सुपरिंटेंडेंट म्हणाले, "ॲप कोण उघडणार तासाला? पंख्याचं बटण असतं तसं बटण द्या." वायरमननं प्रत्येक डब्याची वीज फळ्याशेजारच्या बोर्डावर आणली. वर लाल दिवा. दिवा लागला की नेट आहे, शिक्षकानं दाबलं की बंद. डबा चालू व्हायला दोनेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ आधी दाबावं लागतं. आणि माझ्या आग्रहावरून वाचनालयाच्या व्हरांड्यात आणि कट्ट्यावर दोन डबे बसले, ते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालूच असतात. व्हिडिओचा वेग तिथे मुद्दाम कमी ठेवलाय, पीडीएफ झटकन उतरते.

एक सत्र झालं. अर्थशास्त्राचे सर तासात एकदा-दोनदा बटण दाबतात, शब्द काढून घेतात, बंद करतात. भूगोलाच्या मॅडम नकाशांसाठी बराच वेळ चालू ठेवतात आणि बाकांमधून फिरत शिकवतात. दोन-तीन शिक्षक कधीच दाबत नाहीत. त्यांना जबरदस्ती करावी असं मला वाटत नाही, पण त्यांच्या वर्गातल्या मराठी आणि कन्नड मुलांना तो एक शब्द मिळत नाही, हे मला टोचतं. शिवाय पावसात लाइट जाते तेव्हा बॅटरीवर सगळं पाऊण तास तगतं, त्यापुढे कट्टाही बंद. मोठ्या बॅटरीचा अर्ज मी संस्थेकडे दिलाय, सोबत संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या मुलांची नोंदवही जोडलीय.

जे शिक्षक बटण दाबत नाहीत त्यांच्या वर्गांसाठी मी आता तक्ते करायला घेतलेत. इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन रकाने, एका विषयाचे साठ शब्द, भिंतीवर लावायचे. अर्थशास्त्राचा तक्ता लागला, इलॅस्टिसिटी त्यात चौथ्या ओळीवर आहे. राज्यशास्त्राचा कन्नड रकाना तपासायला कन्नडच्या मॅडमांकडे गेलाय. सोमवारी द्यायचं त्यांनी कबूल केलंय.